संपर्क कडित: अठ्ठेचाळीस घरं आणि एक पंप

फेब्रुवारीत बेळगावच्या एका इमारतीत पंपाच्या खोलीच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. कन्नडमध्ये छापलेला, खाली निळा शिक्का. त्यातला एक शब्द सगळ्यांना लगेच कळला: बाकी. तो मराठी-कन्नड दोन्ही भाषांत तसाच आहे. दुसराही कळल्यासारखा वाटला: संपर्क. आठवीतल्या एका पोरीनं अक्षराला अक्षर लावून वाचून दाखवलं, ‘विद्युत संपर्क कडितगोळिसलागुवुदु’. भोवतीच्या बायकांनी अर्थ लावला की वीज ऑफिसशी संपर्क करा म्हणतायत. करेल कुणीतरी, म्हणाल्या, आणि आपापल्या जिन्यानं वर गेल्या.

कन्नडमध्ये विद्युत संपर्क म्हणजे विजेची जोडणी, आणि कडित म्हणजे तोडणं. जोडणी तोडली जाईल, एवढंच त्या कागदावर होतं. पोरीचा काही दोष नाही. 2015 च्या कायद्यानं कन्नड शाळांतून सक्तीची झाली, तिची पिढी पहिलीपासून ती शिकते आणि अक्षरं तिला तिच्या आईपेक्षा कितीतरी चांगली लागतात. पण सरकारी कन्नड ही घरच्या कन्नडहून वेगळी चीज आहे. तिसऱ्या मजल्यावरची कन्नडभाषिक आक्का नंतर म्हणाली, “मी वाचलं असतं तर सांगितलं असतं, पण मला कुणी बोलावलंच नाही.” तिच्या घरापासून तो कागद तीन जिने खाली होता.

मंगळवार, 8 एप्रिल 2025. पाडवा होऊन नऊ दिवस झाले होते. सकाळी वायरमन आला, पंपाची जोडणी काढली आणि गेला. पुढचे सतरा दिवस अठ्ठेचाळीस घरांच्या त्या इमारतीत वरच्या टाकीचं पाणी नव्हतं. याच काळात यातल्या बहुतेक घरांचं स्वतःचं विजेचं बिल शून्य येत होतं. घरात दिवा फुकट आणि नळ कोरडा, हे असं कसं झालं आणि कसं सुटलं, ते मी इथं मांडतोय. सुटलं म्हणजे अर्धंमुर्धं सुटलं.

मी तिथं राहत नाही. मी एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करतो आणि रोज संध्याकाळी साडेसहाला त्या वसाहतीत असतो. पिग्मी ही आपल्याच कर्नाटकात जन्मलेली गोष्ट. उडुपीत विणकरांच्या अडचणीच्या काळात पै मंडळींनी जी बँक काढली, तिनं 1928 मध्ये दारोदार जाऊन रोजचे दोन आणे गोळा करायला सुरुवात केली. बेळगावात वडगाव, खासबाग, शहापूर हा सगळा मागवाल्यांचा भाग, त्यामुळे इथं ती मुरली. माझ्या वहीत त्या इमारतीतली छत्तीस नावं आहेत. कोण रोज वीस देतं, कोण आठवड्यातून तीनदा दहा देतं, कुणाकडे नवऱ्याचा पगार झाला की एकदम दोनशे येतात, हे मला पाठ आहे. हे प्रकरण माझ्या गळ्यात पडलं ते या वहीमुळं.

घर दारापर्यंत

इमारत शहराच्या कडेला आहे. गच्चीवर गेलं की येळ्ळूरची भातशेतं आणि मागे राजहंसगड दिसतो. तळमजला आणि वर तीन मजले, दोन जिने, मजल्याला बारा घरं. लिफ्ट नाही. प्रधानमंत्री आवास योजना शहरांसाठी जून 2015 मध्ये सुरू झाली. तिच्या चार वाटांपैकी भागीदारीत बांधलेल्या स्वस्त घरांची जी वाट आहे, तिच्यातून ही इमारत उभी राहिली. लोक मात्र अजून ‘आश्रयातली घरं’च म्हणतात. जुन्या आश्रय योजनेचं नाव या भागात असं चिकटलंय की सरकारनं काहीही बांधलं तरी ते आश्रयच.

अटी अशा होत्या. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 3 लाखांच्या आत. घराचं चटई क्षेत्र 30 चौरस मीटरपर्यंत, म्हणजे 323 चौरस फूट. केंद्राचे घरामागे दीड लाख, राज्याचा वाटा वेगळा, उरलेलं ज्याचं त्यानं भरायचं. घर बाईच्या नावावर, नाहीतर नवरा-बायकोच्या जोडनावावर. शेवटची अट लक्षात ठेवा, पुढे तीच उपयोगी पडली.

‘उरलेलं’ हा शब्द लिहायला सोपा आहे. कुणी गंठण मोडलं, कुणी बायकांच्या बचत संघातून उचललं, बऱ्याच जणींनी फायनान्सवाल्यांकडून घेतलं. फेब्रुवारी 2025 मध्ये राज्यानं फायनान्सवाल्यांच्या दादागिरीविरुद्ध अध्यादेश काढला, तेव्हापासून दारात येणारी पोरं जरा सभ्य बोलतात. हप्ता मात्र तोच आहे. म्हणजे मे 2024 मध्ये चाव्या मिळाल्या तेव्हा प्रत्येक घराच्या डोक्यावर आधीच आठवड्याचा एक हप्ता होता. मेंटेनन्स म्हणून महिन्याला शंभर रुपये काढा असं कुणी म्हणालं की लोक का खवळतात, ते इथून बघावं लागतं.

आणि जिथून हे लोक आले तिथं मेंटेनन्स ही वस्तूच नव्हती. पत्र्याच्या घरासमोरचा नळ महापालिकेचा, गटार महापालिकेचं, रस्त्यावरचा दिवा महापालिकेचा. बिघडलं की नगरसेवकाच्या घरी जायचं. इमारतीत आल्यावर जिना, टाकी, पंप, गच्ची, जिन्यातला दिवा हे सगळं अचानक ‘आपलं’ झालं, पण तसं त्यांना कुणी सांगितलं नाही. चावी देण्याच्या कार्यक्रमात फोटो निघाले, हार-तुरे झाले, पेढे वाटले. पंप कुणी चालवायचा हे कुणी बोललं नाही. चावी घराच्या दाराची होती, पंपाच्या खोलीची नव्हती.

फुकटाचं गणित

राज्याच्या गृहज्योती योजनेबद्दल इथं जरा थांबतो, कारण अर्धा गोंधळ तिथंच आहे. ऑगस्ट 2023 पासून राज्यात घरगुती विजेचं बिल शून्य यायला लागलं. लोकांच्या डोक्यात बसलंय की 200 युनिट फुकट. तसं नाही. 2022-23 मध्ये तुम्ही महिन्याला सरासरी जितकी वीज वापरली, त्यावर थोडी वाढ धरून तुमचा कोटा ठरतो. 200 ही वरची हद्द. नव्या घराला मागचं वर्षच नसतं, म्हणून त्याला राज्याची सरासरी 53 युनिट धरून सुमारे 58 युनिटांचा कोटा मिळतो. त्याच्या वर गेलात तर वरच्या युनिटांचे पैसे, आणि 200 च्या वर गेलात तर सगळंच बिल.

या इमारतीत सगळीच घरं नवी. दिवा, पंखा, टीव्ही आणि मिक्सर यांना 58 युनिट पुरतात. पण अंघोळीच्या पाण्याचा प्रश्न येतो. जुन्या घरी बंब होता, बाहेर चूल होती, लाकूडफाटा होता. इथं 323 चौरस फुटांत बंब कुठं पेटवणार? पहिल्या थंडीत काही घरांनी दीड हजार वॅटची कॉइल आणली आणि त्यांना अडीचशे-तीनशेची बिलं आली. त्यावर दोन महिने चर्चा, की शेजारणीला झिरो आणि मलाच कसं, मीटर खोटा आहे, ऑफिसवाले खातायत. काही जणांनी जिन्याखाली लाकडं रचून मागच्या बाजूला चूल मांडली, त्यावरून तळमजल्याशी भांडण झालं ते वेगळंच.

या सगळ्या गदारोळात पंपाचं बिल कुणाच्या ध्यानातच आलं नाही. गृहज्योतीला अर्ज करायचा तर ग्राहक क्रमांकाला माणसाचं आधार जोडावं लागतं. पंपाला आधार नाही. पंपाची जोडणी इमारत बांधणाऱ्यानं बांधकामासाठी घेतली होती, तात्पुरती. बांधकाम संपलं, माणसं राहायला आली, तरी ती तात्पुरतीच राहिली. तात्पुरत्या जोडणीचा दर घरगुतीपेक्षा बराच जास्त असतो. बिल यायचं ते त्याच्या नावावर, पंपाच्या खोलीच्या खिडकीत अडकवलेलं. लोक ते बघायचे. “ते आमचं न्हवं, कंत्राटदाराचं हाय,” म्हणायचे. कंत्राटदार म्हणायचा इमारत ताब्यात दिली, आता आमचा संबंध नाही. घरं वाटणारं कार्यालय म्हणायचं, रहिवाशांनी संघ करून बघून घ्यायचं. संघ करायला गेलं तर घरांची नोंदणीखतं झालेली नव्हती, हातात फक्त वाटपाचं पत्र. असे अकरा महिने गेले. अकरा बिलांची बेरीज 97,840 रुपये.

अळू

जोडणी तुटल्याच्या तिसऱ्या दिवशी मी गेलो तर दुसऱ्या मजल्यावरच्या मामी कठड्यावरून दोरीला बांधलेली बादली खाली सोडत होत्या. खाली पोरगा उभा. महापालिकेच्या पाण्याचा एक नळ तळाशी आहे, तो चार-पाच दिवसांनी तासभर येतो. त्या दिवशी आला होता. बादली वर चढताना भिंतीला दोनदा आपटली, पाऊण राहिली. “पिग्मीवाले दादा, आज पैसे न्हाईत,” त्या वरूनच ओरडल्या, “टँकरला दिले.” टँकरसाठी त्या दिवशी जिन्या-जिन्यानं पैसे गोळा झाले होते. माझ्या वहीत त्या आठवड्यात छत्तीसपैकी अकरा नावांपुढं आकडा पडला. हे माझंही दुखणं होतं, लपवत नाही. पिग्मी थांबली की माझं कमिशन थांबतं.

त्याच रात्री मी ती अकरा बिलं मागून घेतली आणि घरी बसून मांडली. बेरीज सगळ्यांना माहीत होती. युनिट कुणी बघितले नव्हते. जूनमध्ये 806. ऑगस्टमध्ये 812. डिसेंबरला 798. मार्चला 815. मी दोनदा तपासलं. कारण जूनमध्ये त्या इमारतीत सात कुटुंबं होती. माझी तिथली पहिली पिग्मी जूनमधलीच, त्यामुळे मला नक्की ठाऊक होतं. मार्चमध्ये पंचेचाळीस कुटुंबं. सात घरांनाही आठशे युनिट आणि पंचेचाळीस घरांनाही आठशे युनिट. मग ती वीज घरांच्या बादल्या भरत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघंजण गच्चीवर चढलो. मी, दुसऱ्या मजल्याच्या मामी, कन्नडभाषिक आक्का आणि उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणारा एक तरुण, ज्याला मोटारीतलं कळतं. टाकी भरली की पंप बंद करणारा तरंगता गोळा आत नव्हता. बसवायची जागा होती, गोळा नव्हता. टाकी भरल्यावर पाणी ज्या पाइपनं बाहेर पडतं, त्या पाइपच्या तोंडाखाली भिंतीवर हातभर रुंदीचं हिरवंगार शेवाळ होतं, थेट तीन मजले खालपर्यंत. पाण्यावाचून चार दिवस झाले होते तरी ते ओलसर होतं. आम्ही त्या रेषेच्या मागं मागं खाली बघत गेलो. खाली, इमारतीच्या पाठीमागं, अळू. कमरेएवढं, एकेक पान सुपाएवढं.

मामी काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “वर्षभर आळूवड्या खाल्ल्या की ओ आम्ही ह्याच्या.”

हिशेब असा लागला. कूपनलिकेचा पंप 5 अश्वशक्तीचा. तासाला साडेचार युनिट घेतो असं धरलं, तर 800 युनिट म्हणजे रोजचे सहा तास. कंत्राटदाराचा जुना वॉचमन पहाटे पाचला पंप चालू करून दुसऱ्या साइटवर जायचा आणि अकराला परत येऊन बंद करायचा. त्याचा पगारही नीट मिळत नव्हता, त्याला दोष द्यायला मला जड जातं. फाउंड्रीतल्या त्या पोरानं तोंडी हिशेब केला: तासाला दहा हजार लिटर धरा, अठ्ठेचाळीस घरांना रोज वीस हजार लागतात, म्हणजे दोन-अडीच तास बास. उरलेले साडेतीन तास अळवाला पाणी. अकरा बिलांची सरासरी काढली तर युनिट जवळजवळ अकरा रुपयांना पडत होतं. म्हणजे लाखभरातले निम्म्याहून जास्त पैसे शेवाळात गेले, आणि उरलेल्यातलेही बरेच चुकीच्या दरात.

सभा, आणि खरी सभा

पहिली सभा पुरुषांची झाली. रविवारी, पार्किंगमध्ये. मी बाजूला उभा होतो. तळमजल्याच्या बारा घरांचं म्हणणं, आमच्या दारात नळ आहे, वर पाणी चढवायची वीज आम्ही का भरू? वरच्यांचं म्हणणं, गच्ची काय आम्हीच वापरतो काय? एकानं सुचवलं की हे मराठी माणसावर मुद्दाम चाललंय, नोटीस कन्नडमध्ये का लावली, एकीकरण समितीच्या नेत्यांकडे जाऊ. दुसरा म्हणाला आमदाराकडे जाऊ. दीड तास झाला, कुणी कुणाकडे गेलं नाही.

नोटिशीच्या भाषेचा मुद्दा मला खोटा वाटत नाही. आपल्याला कळेल अशा भाषेत कागद मिळावा ही इथल्या माणसाची मागणी 1956 पासूनची आहे, आणि त्या एका शब्दानं या इमारतीचं नुकसान केलंच. पण त्या अठ्ठेचाळीस घरांत अकरा कन्नड बोलणारी आणि सहा उर्दू बोलणारी घरं आहेत. टाकी त्यांचीही कोरडी होती. त्या रविवारी हा विषय भाषेच्या वाटेला लावला असता तर पावसाळ्यापर्यंत पाणी आलं नसतं, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

तळमजल्याचा प्रश्न तिसऱ्याच कारणानं सुटला. दारात नळ असला तरी संडासाच्या टाकीला पाणी गच्चीवरूनच येत होतं. आठवड्याभरात तळमजला सगळ्यात आधी वैतागला, कारण वरच्यांची ये-जा बाहेरच्या बाजूला त्यांच्याच खिडक्यांखालून सुरू झाली. जास्त लिहीत नाही.

मग मंगळवारी संध्याकाळी बायका बसल्या, जिन्याच्या पायऱ्यांवर. तिसऱ्या मजल्यावरच्या एक मावशी आहेत, वडगावला मागावर कांड्या भरायला जातात. 2023 च्या जूनपासून बायकांना बस फुकट झाली म्हणून एवढ्या लांबून जाणं त्यांना परवडतं. त्यांचा स्वतःचा माग जुन्या घराबरोबर गेला; या घरात माग बसत नाही आणि बसला तरी खालचा शेजारी खडखडाट ऐकून घेणार नाही. त्यांनी पिशवीतून वाटपाचं पत्र काढलं आणि विचारलं, यावर नाव कुणाचं हाय? माझं. तुझ्यावर? माझं. मग परवा सभेत कोण भांडत होते?

एवढ्यावर हशा झाला, पण मुद्दा कामाचा निघाला. घरं वाटणाऱ्या कार्यालयात अर्ज द्यायचा तर सही लाभार्थ्याचीच चालणार होती. दुसऱ्या दिवशी एकवीस जणी गेल्या. अर्ज आक्कानं कन्नडमध्ये लिहिला, मराठीत मी लिहिला, दोन्ही एकाला एक टाचून दिले. त्यात तक्रार कमी आणि आकडे जास्त: जूनचे युनिट, मार्चचे युनिट, शेवाळाचा फोटो, गोळा नसलेल्या टाकीचा फोटो, आणि एक प्रश्न. इमारत वर्षभर देखभालीच्या हमीत असताना जोडणी तात्पुरतीच का राहिली?

शेवटच्या प्रश्नाचा उपयोग झाला. रागानं भरलेलं निवेदन ऑफिसात रोज येतं, त्याला ठरलेलं उत्तर असतं. युनिटचे आकडे बघून साहेबानं कंत्राटदाराला तिथंच फोन लावला. तीन दिवसांची ओढाताण मी गाळतो. शेवटी कंत्राटदारानं 40,000 भरायचं, गोळा बसवून द्यायचा आणि कायमच्या घरगुती जोडणीसाठी कार्यालयानं अर्ज करायचा असं ठरलं. रहिवाशांच्या माथी राहिले 57,840. भागिले अठ्ठेचाळीस, घरामागे 1,205.

बाराशे रुपये

महिन्याला दहा-बारा हजारांत चालणाऱ्या घरातून एकदम 1,205 निघत नाहीत. इथं मला बोलायचा हक्क आहे, कारण हे माझं रोजचं काम. गरीब माणूस पैसे देत नाही असं नसतं. तो एकरकमी देऊ शकत नाही. मेंटेनन्स महिन्याच्या पाच तारखेला शंभर रुपये अशी पाटी लावली तर त्या इमारतीत दहा घरं भरतील. तेच शंभर शनिवारी पंचवीस-पंचवीस करून दारात मागितले तर चाळीस घरं भरतील, कारण शनिवारी मजुरी होते. बचत संघाच्या पेटीतून दोन जिन्यांच्या बायकांनी मिळून 25,000 उचलले, वीज ऑफिसनं बाकीचे तीन हप्ते करून दिले, आणि हे सगळं भागवायला घरांनी पेटीत आठवड्याला पंचवीसप्रमाणे 48 आठवडे भरायचं ठरलं. ते होतात 1,200. उरलेले पाच-पाच रुपये, मिळून 240, मी माझ्या खिशातून घातले. त्याचा उल्लेख मामी अजून चारचौघांत करतात आणि मला अवघडल्यासारखं होतं.

शुक्रवार, 25 एप्रिलला संध्याकाळी जोडणी लागली. चार दिवसांवर बेळगावची वैशाखातली शिवजयंती होती, शहरात चित्ररथांची तयारी चाललेली. पोरं कुठं ढोल वाजवायला गेली होती ती पळत आली. टाकी भरायला दोन तास लागले, आणि गोळ्यानं पंप बंद केला तेव्हा गच्चीवर पंधरा-वीस माणसं नुसती बघत उभी होती, काहीही न सांडणारा पाइप.

घरगुती जोडणीचा कागद जूनमध्ये झाला. जुलैचं बिल आलं 348 युनिटांचं, स्थिर आकार धरून 2,900 च्या आसपास. घरामागे साठ रुपये. आम्ही सत्तर गोळा करतो. वरचे दहा दुरुस्तीला. वर्षभर ज्याच्यावरून लोक एकमेकांच्या आईबापापर्यंत पोचले ते खरं प्रकरण महिन्याला साठ रुपयांचं होतं. आठवड्याला पंधरा.

जे राहिलं

तीन घरं अजून कुलूपबंद आहेत. त्यांच्या मालकिणी दुसरीकडे राहतात, पैसे भरत नाहीत आणि फोन उचलत नाहीत. पाच घरांत भाडेकरू आहेत. तसे ते नसायला हवेत. हे घर ठरलेली वर्षं विकता येत नाही आणि भाड्यानंही देता येत नाही. गंमत अशी की पंपाचे पैसे या पाच घरांतून सगळ्यात आधी येतात. चर्चा नको, बोभाटा नको. मूळ मालकिणीनं घर भाड्यानं का दिलं हे विचारलं तर एकीचं उत्तर मला पटलं: नवऱ्याचं काम खानापूरला गेलं, रोज जाऊन-येऊन भागत नाही. नियमाच्या पुस्तकात या उत्तराला जागा नाही.

रहिवाशांची समिती 1960 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली झाली. सात सह्या पुरतात, अकरा घेतल्या, नऊ बायकांच्या. नोंदणीखतं झालेली नसल्यानं 1972 च्या अपार्टमेंट कायद्याखालचा पक्का संघ अजून लांब आहे, त्यामुळे मीटर आजही कार्यालयाच्याच नावावर चालतो. बिलावर तेच नाव छापून येतं. आक्का ते बिल आल्या आल्या कन्नडमधून मराठीत एका वहीच्या पानावर उतरवते आणि दोन्ही जिन्यांत लावते: युनिट किती, रुपये किती, शेवटची तारीख कोणती. आठवीतली ती पोरगी आता नववीत गेली, पान ती लिहिते, आक्का सांगते.

माझी एक चूक इथं नोंदवायला हवी. फेब्रुवारीतला तो कागद मी रोज संध्याकाळी बघत होतो. मला कन्नड वाचता येतं. पंपाचं बिल माझं नाही, असंच मीही धरलं होतं.

मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा मामींनी पिग्मीचे वीस दिले आणि वर एक पुडकं ठेवलं. आळूवड्या. पाइप बंद झाल्यावर अळू वाळलं असणार असं मला वाटत होतं. मागं जाऊन बघितलं तर कुणीतरी धुण्याचं पाणी त्याच्याकडे वळवलंय, विटांची छोटी चर करून. पानं आता हाताएवढीच आहेत.